कानसेनने ऐकलेला जबडा

आमच्या कागद गिरणीत एक माणूस होता, त्याला सगळे कानसेन म्हणायचे. गाणं कळणाऱ्याला लोक कानसेन म्हणतात, पण ह्याला गाण्याचा गंधही नव्हता. हा यंत्रं ऐकायचा. मी बॉयलरवर होतो, गिरणीचा भोंगा माझ्या हातात. शेजारी-शेजारी खोल्या, मधली भिंत विटेची, आणि भिंतीला कान असतात म्हणतात, ते तर पलीकडे राहतच होते. तेव्हा त्याचं मला जितकं माहीत आहे तितकं त्याच्या सासुरवाडीलाही नसेल.

कागदाचं यंत्र ज्याने पाहिलं नसेल त्याला सांगतो. लांबच लांब शेड. एका टोकाला ओला लगदा, दुसऱ्या टोकाला कोरडा कागद, आणि मध्ये रांगेने फिरणारे जाडजूड रूळ. प्रत्येक रुळाच्या दोन्ही टोकांना बेअरिंग. कानसेनचं काम म्हणजे तेलाची बुधली आणि एक सळई घेऊन त्या रांगेतून फिरायचं. सळईच्या वरच्या टोकाला लाकडी गोळा. खालचं टोक बेअरिंगवर टेकवायचं, गोळा कानापुढच्या हाडाला लावायचा, डोळे मिटायचे. मग सांगायचा, "हा सुका पडलाय," "ह्याच्यात कचरा गेलाय," "हा बरा आहे, उगीच कुरकुरतोय, म्हाताऱ्यासारखा."

घरीही तोच उद्योग. पाण्याच्या टाकीला सळई लावून बघ, शिवणयंत्राला लाव, दाराच्या बिजागरीला लाव. एकदा फोरमनच्या पोटाला लावली आणि म्हणाला, "साहेब, जेवून घ्या, आत काही नाही." वहिनी, म्हणजे त्याची बायको, गिरणीतच कागदाच्या गठ्ठ्यांना वेष्टन घालायच्या खात्यात होती. ती मला म्हणायची, "भावजी, सगळ्या जगाचं ऐकतात हो, माझं सोडून."

पण एका बाबतीत तो हसायचा नाही. ठोका. म्हणजे फिरता फिरता बेअरिंगमधून 'टक्' असा आवाज. ठोका ऐकला की तो कुणाला विचारायचा नाही, सरळ यंत्र बंद करायचा. मग इंजिनियर ओरडो की मालक. त्याचा थोरला भाऊ ह्याच रांगेत होता. त्यालाही एकदा ठोका ऐकू आला होता. पाळी संपत आली होती, तो म्हणाला, तेवढी संपू दे, मग बघू. पाळी संपायच्या आत रूळ निखळला आणि भावाचा हात कोपरापासून गेला. कानसेन तेव्हा विशीत. त्याने कानाला खडा लावला: ठोका आला की आधी बंद, ओझं काढ, मग विचार. गिरणीत त्या नियमाने किती हात वाचले असतील, देवालाच माहीत.

त्याला एकच मुलगी. नाव वेगळं होतं, पण चाळीत तिला भोंगा म्हणत, आणि त्याला कारण मी. मी इकडे भोंगा ओढला की ती तिकडे अंगणात उभी राहून तोंड आ करून तसाच्या तसा आवाज काढायची. हुबेहूब. एकदा तर तिच्या आवाजाने दोघे जण डबे आवरून कामाला निघाले. हसायची ती आख्खं तोंड उघडून, अगदी पडजीभ दिसेपर्यंत. तिची आई म्हणायची, "मिट की गं, माशी जाईल," आणि ती म्हणायची, "जाऊ दे, भूक लागलीच आहे."

शाळेत दातांची तपासणी झाली आणि डॉक्टरीणबाईंनी आईबापांना बोलावून घेतलं. बाई तरुण होत्या, बोलायला साध्या. त्यांनी भोंग्याला म्हटलं, "मीट तोंड, सावकाश." तिने मिटलं. "बघा," बाई म्हणाल्या, "मिटताना खालचा जबडा डावीकडे सरकतो. वरचा अरुंद आहे. डबा मोठा आणि झाकण लहान, म्हणून ती डबाच बाजूला सरकवून झाकण बसवते. दिवसभर, प्रत्येक घासाला. कानापुढे जो सांधा आहे ना, तो एका बाजूचा एकीकडे ओढला जातो, दुसऱ्या बाजूचा दुसरीकडे. वाढीचं वय आहे. तसाच वाढला तर चेहराही एका बाजूला वाढेल."

उपाय होता. लहान वयात टाळूच्या मधोमध जी शिवण असते ती पक्की झालेली नसते. वरच्या दाढांना दोन्हीकडे कड्या बसवायच्या, मधोमध एक बारीक स्क्रू. घरच्यांनी रोज एकदा बारीकशा किल्लीने तो स्क्रू पुढून मागे थोडा फिरवायचा. शिवण हळूहळू उघडते, वरचा जबडा रुंद होतो, मधल्या फटीत नवीन हाड भरतं.

कानसेन खूश. "अहो, हे तर आमचंच काम," म्हणाला. तो स्क्रू त्याने तळहातावर घेतला, उजेडात धरला, आटे मोजायला लागला. बाई त्या वेळी पुढचं सांगत होत्या, "मध्यंतरी काही दिवस दातावर दात नीट बसणार नाहीत. चावताना सांध्याजवळ अवघडल्यासारखं होईल. काही मुलांचं थोडं वाजतंही. बहुतेकांचं आपोआप बसतं. पण वाजलं, दुखलं, तर मला येऊन सांगा. स्वतः काही करू नका." वहिनींनी ते ऐकलं. कानसेनच्या डोक्यात आटे फिरत होते.

सुरुवात झकास झाली. संध्याकाळी पाळीवरून आला की हात घासून घासून धुवायचा, पोरीला खिडकीशी स्टुलावर बसवायचा, मान मागे, तोंड उघड, आणि किल्ली. मी बाहेरून विचारायचो, "काय रे, गाडी चालू केलीस का?" भोंगा आतून तोंड न मिटता म्हणायची, "हाँ हाका!" थोड्या दिवसांत तिच्या पुढच्या दोन दातांत फट पडली. बाईंनी आधीच सांगितलं होतं, फट पडली की समजा शिवण उघडली. भोंगा त्या फटीतून चुळीची पिचकारी मारून दाखवायची. माझ्या सदऱ्यावरही मारली एकदा. मी म्हटलं, "तुझ्या बापाने तुला नळ करून टाकलं."

मग एका सुट्टीच्या दिवशी सगळे बसून शेंगदाणे खात होते. पोरीच्या तोंडातून 'टक्' आलं.

वहिनींनी सांगितलेलं आहे हे, जसंच्या तसं सांगतो. कानसेनचा हात ताटातच थांबला. म्हणाला, "परत चाव." तिने चावलं. टक्. "परत." टक्. तो उठला, कोपऱ्यातली सळई आणली. गोळा स्वतःच्या हाडाला, टोकाला फडकं गुंडाळून ते पोरीच्या कानापुढे. डोळे मिटले. "उघड. मीट. उघड. मीट."

"काय आहे?" वहिनींनी विचारलं.

"ठोका आहे."

"बाई म्हणाल्या होत्या की वाजेल म्हणून. चला, उद्या जाऊन सांगू."

"सांगायचं काय त्यात? मला ऐकू येतंय ना. मी फिरवत गेलो आणि हा सुरू झाला. ओझं सांध्यावर पडतंय."

"तुम्ही काय दातांचे डॉक्टर आहात?"

"सांधा तो सांधा. मांस असो की लोखंड."

"अहो, ती पोर आहे. रूळ नाही."

"म्हणूनच म्हणतोय," तो म्हणाला. "रूळ असता तर नवीन आणला असता."

वहिनीनेही दिराचा तुटका हात रोज पाहिलेला. तरी ती म्हणत राहिली, उद्या जाऊ, उद्या जाऊ. कानसेनला 'उद्या' ह्या शब्दाचीच भीती होती. त्याच्या भावाने तेच तर म्हटलं होतं, पाळी संपू दे.

दुपारी वहिनी पाण्याला गेली तेव्हा त्याने पोरीला पुन्हा खिडकीशी बसवलं. आधी किल्ली उलटी फिरवली, ताण सैल केला. मग त्याच्याकडे घड्याळजीकडून मागून आणलेली बारीक पक्कड होती, तिने एकेक कडी दाढेवरून उचकटली. मला भोंग्याने सांगितलं, कित्येक वर्षांनी. म्हणाली, "काका, खरं सांगू? जरासुद्धा दुखलं नाही. बाबांचा हात इतका हलका. मधे मधे विचारत होते, दुखतंय का गं, दुखतंय का. मी मान हलवत होते, नाही नाही."

ठरल्या दिवशी पोरगी दाखवायला आली नाही, म्हणून डॉक्टरीणबाईंनी गिरणीच्या ऑफिसात फोन केला. कानसेन फोनवर म्हणाला, "पोरीला सोसलं नाही. काढलं." पलीकडून बाई म्हणाल्या, "निघालं असेल तर हरकत नाही, घेऊन या. काय वाजतंय ते मला बघू द्या. लवकर या, उघडलेली शिवण परत मिटेल." तो म्हणाला, "बघू." आपल्यात 'बघू' म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. बाईंनी आणखी दोनदा निरोप पाठवला. दोन्ही वेळा 'बघू' गेलं. वहिनी एकदा पोरीला घेऊन एकटीच निघाली होती, तर हा चाळीच्या फाटकापर्यंत मागे आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "माझ्या भावाच्या वेळी पण असंच कुणी थांबवलं नव्हतं." ती परत फिरली. त्यानंतर त्या घरात त्या विषयावर कुणी ब्र काढला नाही.

दातांतली फट मिटली. पिचकारी बंद झाली. जबडा पुन्हा पहिल्यासारखा डावीकडे सरकायला लागला. टक् काही गेलं नाही, ते राहिलंच. कधी कमी, कधी जास्त. शाळेतली पोरं तिला भोंगा सोडून घड्याळ म्हणायला लागली. भोंगा वाढली तशी तिची हनुवटी एका अंगाला झुकली. कुणी मुद्दाम बघितलं तरच कळायचं, पण तिला ते आरशात दिसत होतं ना. फोटो काढताना मान अशी काही वळवायची की वाटावं कुणी हाक मारली.

कानसेन रोज जेवताना ऐकायचा. आता सळई लागत नव्हती. "आज कमी आहे," म्हणायचा. "बघ, ओझं काढलं म्हणून निभावलं. नाहीतर काय झालं असतं कुणास ठाऊक." वहिनी वाढत राहायची.

आणि मग एक दिवस टक् थांबलं.

भोंगा तेव्हा कॉलेजात जायला लागली होती. कानसेन सकाळी फाटकावर आला तो पेढे वाटायचेच तेवढे बाकी, अशा चेहऱ्याने. पहारेकऱ्याला सांगितलं, फोरमनला सांगितलं, बॉयलरवर येऊन मला सांगितलं, "बंद झाला रे आवाज. आपोआप. परवापासून एकदा वाजला नाही. मी म्हणत नव्हतो?" त्याचा आनंद बघून मलाही बरं वाटलं. संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. भोंगा बसली होती, पुढ्यात सफरचंद. सुरीने ती त्याच्या फोडी करत होती. फोडी कसल्या, पापुद्रे. एकेक पापुद्रा ओठांतून आत सरकवत होती, पत्रपेटीत पत्र टाकावं तसा.

मी गंमतीने म्हटलं, "काय गं, दात आहेत तर चणे नाहीत ऐकलं होतं. तू सफरचंदाचे कागद करून खातेस? गिरणीत लागलीस की काय?"

ती हसली. तोंड न उघडता.

कानसेनने ते बघितलं. त्याने पापुद्रे बघितले, तिचे मिटलेले ओठ बघितले. म्हणाला, "उघड बरं तोंड."

"उघडलंय की, बाबा."

"पूर्ण उघड."

"हेच पूर्ण आहे."

तो उठला. आपली दोन बोटं एकावर एक धरून तिच्या दातांशी नेली. गेली नाहीत. एक गेलं, दुसरं अडलं. खिडकीच्या त्याच उजेडात तो किती तरी वेळ तसाच उभा राहिला, बोटं तिच्या ओठांशी. मग माझ्याकडे वळून, जणू मी त्याला विचारलंच आहे अशा आवाजात म्हणाला, "जाम झालेलं बेअरिंगही वाजत नाही."

दुसऱ्या दिवशी तो न विचारता पोरीला घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेला. मलाही चल म्हणाला, एकट्याने जायची छाती नव्हती. बाईंचे केस आता पांढरे व्हायला लागले होते. त्यांनी भोंग्याला ओळखलं, तिच्या गालांवरून, कानापुढून बोटं फिरवली, आतले फोटो काढून घेतले. मग सांगितलं. सांध्यात एक छोटी गादी असते. ती जागेवरून घसरली की उघडताना परत जागेवर येते, तेव्हा टक् होतं. इतकी वर्षं ती घसरत होती आणि परत येत होती. आता घसरली ती परत येत नाही. वाटेतच अडकून बसली आहे. म्हणून आवाज नाही, आणि म्हणून तोंड उघडत नाही.

कानसेन ऐकत होता. ह्या वेळी त्याच्या हातात काही नव्हतं.

"बाई," तो म्हणाला, "तेव्हा मी ते काढलं नसतं तर?"

"तर जबडा बहुतेक सरळ मिटायला लागला असता."

"आणि हे झालं नसतं."

"ते मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही," बाई म्हणाल्या. "वाकडं मिटणाऱ्या कित्येक मुलांना सांध्याचं काही होत नाही. आणि कित्येकांचं सगळं नीट करूनही होतं. एका कारणाने होत नाही हे दुखणं."

"मग तेव्हा जे वाजलं, ते किल्लीमुळे होतं का? ते आपलं आपण थांबलं असतं?"

बाईंनी हातमोजे काढले. रागावल्या नव्हत्या. "मला माहीत नाही. बहुतेकांचं थांबतं. हिचं कसं होतं ते मी ऐकलंच नाही. तुम्ही मला ऐकवलंच नाही."

परत येताना तो पुलावर थांबून म्हणाला, "'नाही' तरी म्हणायचं ना बाईंनी. नाहीतर 'हो'. काहीतरी एक सांगायचं."

गरम शेक, बोटांनी हळूहळू तोंड उघडायचे व्यायाम, रात्री दातांवर घालायची पट्टी, असं सगळं सुरू झालं. वर्षभराने दोन बोटं जायला लागली. त्यापुढे फारसं गेलं नाही. नुसत्या किल्लीने जबडा रुंद करायचं वय निघून गेलं होतं, आता शस्त्रक्रिया लागली असती. भोंग्यानेच नको म्हटलं. "एकदा घरी झाली आहे," ती म्हणाली. बापाच्या समोर म्हणाली. तेवढं एकच वाक्य तिने त्याला आयुष्यात सुनावलं, आणि त्यावरही ती स्वतःच कसंनुसं हसली.

गिरणीतलं सांगायचं राहिलं. त्यानंतरच्या आठवड्यात तो रांगेतून फिरत होता, फोरमन मागे. एका रुळाशी सळई टेकवून तो बराच वेळ उभा राहिला. फोरमनने विचारलं, "कसा आहे?"

"सांगता येत नाही," कानसेन म्हणाला.

फोरमनला थट्टा वाटली. "म्हणजे? वाजतोय की नाही?"

"वाजत नाही."

"मग चांगला आहे."

"तेच सांगता येत नाही म्हणतोय."

त्याने सळई भिंतीला टेकवून ठेवली आणि ऑफिसात जाऊन वेष्टनखात्यात बदली मागितली. वहिनीच्या शेजारच्या टेबलावर. निवृत्त होईपर्यंत गठ्ठ्यांना दोऱ्या बांधल्या. सळई फोरमनच्या खोलीत खुंटीला लागली. पुढे आवाज मोजायचं यंत्र आलं, मग एक दिवस गिरणीच बंद पडली. माझा भोंगा भंगारात गेला, तो मी डोळ्यांनी पाहिला.

आता वहिनी नाहीत. कानसेन आहे, सकाळी माझ्याकडे चहाला येतो. भोंगा दोन गल्ल्या पलीकडे राहते, कपडे बेतायचं दुकान आहे तिचं. तोंडात टाचण्या धरून काम करते, म्हणजे गिऱ्हाइकांशी कमी बोललं तरी चालतं. हसते तेव्हा खांदे हलतात.

हे सगळं आठवायचं कारण माझी नात. तिला गेल्याच महिन्यात टाळूला तसाच स्क्रू बसला. घरात सगळ्यांना वेळ नसतो, म्हणून किल्ली माझ्याकडे. चष्मा लावतो, तिची मान मागे करतो, आणि ती दर वेळी म्हणते, "आजोबा, हात थरथरतोय तुमचा," आणि मी म्हणतो, "हात नाही गं, तू थरथरतेस." फट पडली आहे. माझ्या सदऱ्याला पुन्हा तेच दिवस आले आहेत.

परवा चहाच्या वेळी ती बिस्किट चावत होती. टक्.

कानसेनच्या कपातला चहा बशीत सांडला. त्याचे कान तसे आता गेलेले आहेत. गिरणीत उमर काढलेल्या सगळ्यांचे जातात. टीव्ही ओरडला तरी त्याला कळत नाही. पण हे ऐकू आलं. नातीला बिचारीला त्याची ख्याती कुणीतरी सांगितलेली. ती उठून त्याच्या पुढ्यात गेली, गाल त्याच्या कानाशी नेला. "कानसेन आजोबा, ऐका ना, काय वाजतंय ते?"

त्याने डोकं मागे घेतलं. इतकं मागे, की खुर्ची भिंतीला आपटली.

"मला नको ऐकवूस," तो म्हणाला. "डॉक्टरीणबाईंना ऐकव. आत्ता. चहा राहू दे."

आम्ही तिघं गेलो. जुन्या बाई आता नाहीत, त्यांच्या जागी दुसऱ्या आहेत. कानसेन आत आला नाही, बाहेरच्या बाकावर बसून राहिला. बाईंनी ऐकलं, दाबून पाहिलं, तोंड उघडायला लावून मापलं. बाहेर आलो तर तो उभाच होता.

"काय म्हणाल्या?"

"लक्ष ठेवू म्हणाल्या. दुखत नाहीये, उघडतंय नीट. पुढच्या आठवड्यात परत दाखवा. किल्ली चालू ठेवा."

"चालू ठेवा?"

"चालू ठेवा."

त्याने मान हलवली. नातीच्या डोक्यावर हात ठेवायला उचलला, आणि गालाच्या इतक्या जवळ हात जातोय म्हणून की काय, तसाच खाली घेतला. मग म्हणाला, मी येतो, भोंग्याची जेवायची वेळ झाली. तिथे तो रोज जातो. टॉवेल गरम पाण्यात पिळून तिच्या गालाला धरतो, म्हणजे तिला घास घेता येतो. आम्ही कोपऱ्यापर्यंत त्याच्या मागे चाललो होतो. नात माझ्या कानात म्हणाली, "आजोबा, त्यांनी का नाही ऐकलं?"

मी म्हटलं, "घरी चल. किल्लीची वेळ झाली आहे."